शहराचा बहर

(झाडे कधी फुलतात, कोठे फुलतात आणि का फुलतात, याची माहिती या पाठात दिली आहे. आपल्या रोजच्या वाटेवरची झाडे ओळखावीत आणि ती जपावीत, असे लेखकाने सुचवले आहे.)

मराठीत ‘झाडाला बहर आला’ असे आपण म्हणतो. यातला ‘बहर’ हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. तो फारसीतील ‘बहार’ या शब्दावरून मराठीत आला. उर्दूत ‘बहार’ म्हणजे वसंत ऋतू. मराठीत ‘बहर’ म्हणजे झाड फुलांनी भरून जाणे. आपले बागायतदार तर वर्षातून तीन बहर मोजतात. जानेवारी-फेब्रुवारीतला आंबे बहर, जून-जुलैतला मृग बहर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त बहर. संत्री आणि डाळिंब यांच्या बागांत यांपैकी कोणता बहर धरायचा, हे शेतकरी पाणी पाहून ठरवतो.

शेतकऱ्याला बहर पोटासाठी हवा असतो. शहरातल्या माणसाला तो कशासाठी हवा? जपान या देशात या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर मिळते.

जपानमध्ये चेरीच्या झाडाला ‘साकुरा’ म्हणतात. टोकियो हे जगातील अतिशय मोठे शहर आहे. तेथे मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीस चेरीची झाडे फुलतात. झाडावर पान दिसत नाही. सगळीकडे फिकट गुलाबी फुलेच फुले. हा बहर जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. तेवढ्या दिवसांत लोक कामातून वेळ काढतात, बागेत जातात, झाडाखाली चटई अंथरतात आणि घरच्या माणसांबरोबर जेवतात. फुले पाहण्याच्या या रीतीला तेथे ‘हानामी’ म्हणतात. जपानमध्ये शाळेचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणून तेथील मुलांच्या मनात साकुरा आणि नवा वर्ग यांची जोडी पक्की असते.

टोकियोत बहर सुरू झाला, हे कोण ठरवते? तेथील हवामान खात्याने एक झाड नेमून ठेवले आहे. खात्याचे कर्मचारी रोज त्या झाडाजवळ जातात. झाडावर पाच-सहा फुले उमललेली दिसली, की ‘बहर सुरू झाला’ असे जाहीर होते. ती बातमी वर्तमानपत्रांत छापून येते.

आता तुम्ही विचाराल, हे चेरीचे झाड मुंबईत लावले तर? लावता येईल, पण ते असे फुलणार नाही. चेरीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि मग झोपी जातात. त्यांना जागे होण्यासाठी आधी काही आठवडे चांगली थंडी लागते. त्यानंतर ऊब मिळाली, की त्या उमलतात. मुंबईला तशी थंडी पडत नाही. भारतात चेरीचा बहर पाहायचा असेल, तर मेघालयातील शिलाँगला जावे लागते. गंमत म्हणजे तेथील रानचेरी वसंतात फुलत नाही, नोव्हेंबर महिन्यात फुलते.

पण बहर पाहण्यासाठी आपल्याला टोकियोला किंवा शिलाँगला जाण्याची गरज नाही. मुंबई आणि तिच्या आसपासच्या भागात वर्षभर कोणते ना कोणते झाड फुललेले असते. फक्त कोठे आणि कधी पाहावे, हे माहीत हवे.

आपण पाचूबंदरपासून सुरुवात करू. पाचूबंदर हे वसईच्या किल्ल्याजवळचे, खाडीच्या तोंडाशी वसलेले मच्छीमारांचे गाव आहे. गावाचे नाव पाहा. ‘पाचू’ म्हणजे हिरव्या रंगाचे रत्न. उर्दूत त्याला ‘जुमुर्रद’ म्हणतात. ‘बंदर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि उर्दूतही आहे. शेजारचा किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो जिंकला. आज हा सारा भाग वसई-विरार शहर महानगरपालिकेत आणि पालघर जिल्ह्यात आहे.

कोळीवाड्यात फुलांचे काय काम, असे कोणाला वाटेल. तेथे नजर जाते ती होड्यांकडे, जाळ्यांकडे आणि वाळत घातलेल्या बोंबलांकडे. पण समुद्रकाठचीही आपली झाडे असतात. त्यांतले एक भेंडीचे झाड. ही भाजीची भेंडी नव्हे. हा चांगला सावली देणारा वृक्ष आहे. याची पाने पिंपळासारखी हृदयाच्या आकाराची असतात. फूल सकाळी पिवळे असते आणि संध्याकाळपर्यंत ते लालसर होऊन गळते. म्हणजे सकाळी शाळेत जाताना आणि संध्याकाळी घरी येताना तेच फूल दोन रंगांत दिसते. हे पाहण्यासाठी तिकीट लागत नाही.

खाडीच्या चिखलात तिवराची झाडे असतात. या झाडांना आपण खारफुटी म्हणतो. तिवराची फुले अगदी लहान, पिवळसर असतात. दुरून ती दिसतही नाहीत, पण मधमाश्यांना ती बरोबर सापडतात. खारफुटीचे महत्त्व ओळखून महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ‘पांढरी चिप्पी’ या झाडाला राज्याचे कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. या चिप्पीची पांढरी फुले रात्री उमलतात आणि सकाळी त्यांचे केसर गळून पडतात.

वसई तालुका फुलांच्या शेतीसाठीही प्रसिद्ध आहे. येथील वाड्यांत मोगरा, सोनचाफा, जास्वंद अशी फुले पिकतात. पहाटेच्या लोकलने टोपल्या भरभरून ही फुले दादरच्या फूलबाजारात जातात. मुंबईकरांच्या हातातला गजरा पुष्कळदा वसईच्या मातीतला असतो.

आता पाहू मोठ्या झाडांचा बहर. तो जानेवारी संपता संपता सुरू होतो. सर्वांत आधी काटेसावर फुलते. उर्दूत हिला ‘सेमल’ म्हणतात. हिच्या खोडावर जाड काटे असतात. पाने गळून जातात आणि उघड्या फांद्यांवर लाल रंगाची, वाटीएवढी मोठी फुले येतात. या वाट्यांत मधुर रस असतो. म्हणून साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि खारी या झाडावर सकाळपासून गर्दी करतात. पुढे फळे पिकली, की त्यांतून कापूस उडतो.

काटेसावरीच्या मागोमाग पांगारा आणि पळस फुलतात. पळसाला उर्दूत ‘ढाक’ म्हणतात आणि त्याच्या फुलांना ‘टेसू’. पळसाचे फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखे वाकडे असते. रान पेटल्यासारखे दिसते ते याच फुलांमुळे. ही फुले पाण्यात उकळून पूर्वीपासून रंग तयार करतात. पळसाच्या प्रत्येक देठाला तीनच पाने असतात. यावरून मराठीत एक म्हण आहे : पळसाला पाने तीनच. म्हणजे कोठेही गेले तरी परिस्थिती सारखीच.

ही झाडे पाहण्यासाठी पाचूबंदरच्या मुलांना दोन जागा जवळ आहेत. एक, वसईच्या पूर्वेचे तुंगारेश्वर अभयारण्य. ते मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या पलीकडे डोंगरात आहे. दुसरी, बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. वसई रोड स्थानकातून लोकलने बोरिवलीला उतरावे आणि पूर्वेकडे जावे. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध एवढे मोठे जंगल, ही गोष्ट जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. उद्यान सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. तेथे वडीलधाऱ्या माणसांबरोबरच जावे आणि ठरलेल्या वाटेनेच फिरावे.

याच दिवसांत डोंगराच्या उतारावर आणि रस्त्यांच्या कडेला एक लहानसे झाड फिकट गुलाबी फुलांनी भरलेले दिसते. पाने गळून गेलेली आणि फांदी फांदी फुलांनी झाकलेली. चेरीचा फोटो पाहिलेल्या माणसाला वाटते, हीच चेरी! पण हे झाड आहे गिरिपुष्प. याची बी आणि साल उंदरांना विषारी असते, म्हणून याला ‘उंदीरमारी’ असेही म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. शेतकरी याचा पाला हिरवे खत म्हणून शेतात घालतात.

आता मुंबईची ‘चेरी’ पाहू. विक्रोळी आणि घाटकोपर या भागांतून पूर्व द्रुतगती महामार्ग जातो. त्याच्या कडेने गुलाबी फुलांच्या झाडांची लांबच लांब रांग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही झाडे फुलतात. त्या काळात वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात आणि लोक ‘मुंबईचा चेरी बहर’ असे म्हणतात. खरे तर चेरीशी या झाडाचे काही नाते नाही. याचे नाव टॅबेबुया. काही जण याला ‘वसंतराणी’ म्हणतात. फुलाचा आकार कर्ण्यासारखा असतो. पाकळ्या गुलाबी आणि घशाशी पिवळा रंग. एका देठाला पाच पाने, पंजासारखी पसरलेली. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. एल साल्व्हादोर या छोट्या देशाचा तर हा राष्ट्रीय वृक्ष आहे. बंगळूर शहरातही ही झाडे पुष्कळ आहेत आणि तेथेही त्यांचा बहर पाहायला लोक मुद्दाम बाहेर पडतात.

पाचूबंदरहून हा बहर पाहायला कसे जाल? आधी बसने किंवा रिक्षाने वसई रोड स्थानकावर या. तेथून पश्चिम रेल्वेच्या लोकलने दादरला उतरा. पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर जा आणि धीमी लोकल पकडून विक्रोळीला उतरा. जलद लोकल विक्रोळीला थांबत नाही. स्थानकाच्या पूर्वेला बाहेर पडले, की महामार्गाकडे जाता येते. सकाळी लवकर जावे. तेव्हा ऊन कमी असते आणि रात्री गळलेल्या फुलांचा गालिचा अजून कोणी तुडवलेला नसतो. पण एक गोष्ट विसरू नका. हा द्रुतगती महामार्ग आहे. वाहने वेगाने जातात. फुले पाहण्यासाठी किंवा छायाचित्र काढण्यासाठी महामार्गावर मुळीच उतरू नये. कडेच्या रस्त्याच्या पदपथावरूनच पाहावे.

मार्च महिना म्हणजे परीक्षेचा महिना. दहावीची मुले तर मान वर करून पाहत नाहीत. त्यांनी निराश होऊ नये. परीक्षा संपते तेव्हा खरा मोठा बहर सुरू होतो, तो एप्रिल-मे महिन्यांचा. त्या वेळी शहरात चार रंग एकदम दिसतात : पिवळा, जांभळा, लाल आणि सोनेरी.

पिवळा रंग बहाव्याचा. उर्दूत याला ‘अमलतास’ म्हणतात. झुंबर टांगावे तसे पिवळ्या फुलांचे लांब घोस फांद्यांवरून लोंबत असतात. याच्या काळ्या, काठीसारख्या लांब शेंगांतला गर हकीम आणि वैद्य पोट साफ करण्यासाठी औषध म्हणून वापरत आले आहेत. बहावा फुलला, की पावसाला दीडेक महिना राहिला, असे जुनी माणसे म्हणतात.

जांभळा रंग ताम्हणाचा. हिंदी-उर्दूत त्याला ‘जारूल’ म्हणतात. ताम्हणाच्या पाकळ्या चुणीदार असतात; जणू इस्त्री न केलेला मलमलीचा कपडा. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. किती जणांना हे ठाऊक असते आणि किती जणांनी ते प्रत्यक्ष पाहिलेले असते? तुमच्या वर्गात विचारून पाहा.

लाल रंग गुलमोहराचा. ‘गुल’ म्हणजे फूल, हे तुम्हांला सांगायला नको. ‘मोहर’ म्हणजे सोन्याचे नाणे. आणि मराठीत आंब्याच्या फुलोऱ्यालाही ‘मोहर’च म्हणतात. गुलमोहराचे नाव इतके आपले वाटते, की हे झाड परदेशी आहे असे सांगूनही पटत नाही. ते मूळचे आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरचे आहे. १८४० च्या सुमारास मुंबईत शिवडी भागात ते प्रथम दिसल्याची नोंद सांगतात. आज महाराष्ट्रातील असे गाव शोधून सापडणार नाही, जेथे गुलमोहर नाही. सातारा शहरात तर १९९९ पासून १ मे हा दिवस ‘गुलमोहर दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी चित्रकार आणि कवी झाडाखाली जमतात.

सोनेरी रंग सोनमोहराचा. याच्या फुलांचे तुरे सरळ उभे असतात. रस्त्यावर पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो. पुढे तांब्याच्या रंगाच्या चपट्या शेंगा येतात आणि त्याही शोभून दिसतात.

हे चारही रंग मुंबईत रस्तोरस्ती दिसतात. पण एकाच जागी पुष्कळ झाडे पाहायची असतील, तर भायखळ्याला जावे. तेथे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोक त्याला ‘राणीची बाग’ म्हणतात. मुले तेथे प्राणी पाहायला जातात, पण मोठ्या माणसांना माहीत असते, की ही बाग झाडांचा खजिना आहे. तेथे गोरखचिंच आहे, सीतेचा अशोक आहे आणि ब्रह्मदेशातून आलेली ‘उर्वशी’ आहे. उर्वशीची लाल फुले झुंबरासारखी लोंबतात. जगातल्या सर्वांत सुंदर फुलझाडांत तिची गणना होते. ही बाग बुधवारी बंद असते.

पावसाळा आला, म्हणजे बहर संपला असे समजू नका. पावसात कदंबाला चेंडूसारखी गोल फुले येतात. पाऊस ओसरू लागला, की पारिजातक बहरतो. उर्दूत त्याला ‘हारसिंगार’ म्हणतात. त्याची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बुचाच्या उंच झाडावरून पांढरी, लांब देठाची, सुगंधी फुले खाली पडतात. त्याच सुमारास संध्याकाळी रस्त्यावर एकदम दाट वास येतो, तो सातवीणीचा. असे फिरत फिरत वर्ष पुन्हा काटेसावरीपाशी येते.

आता एक प्रश्न. आपल्याकडची इतकी झाडे नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाणी कमी असताना का फुलतात? यामागे मोठी शहाणपणाची योजना आहे.

पाचूबंदरला ज्या कोरड्या हवेत बोंबील सुकतात, तीच हवा झाडाच्या पानांतले पाणीही ओढून घेते. म्हणून पुष्कळ झाडे आधी पाने गाळून टाकतात. पाने गेली, की पाण्याचा खर्च कमी होतो. शिवाय उघड्या फांद्यांवरची रंगीत फुले पाखरांना आणि मधमाश्यांना दुरून दिसतात. पाखरे रस पितात आणि एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेतात. त्यामुळे फळ धरते. पळसाच्या शेंगा आणि सावरीचा कापूस पावसाच्या आधी तयार होतो. वारा बिया दूर नेऊन टाकतो. पहिला पाऊस पडतो आणि बी रुजते. म्हणजे जपानची चेरी थंडी संपण्याची वाट पाहते, तर आपली झाडे पाऊस येण्याची तयारी करतात. दोन्हीकडे झाडांजवळ आपापले पंचांग असते.

या पंचांगाकडे लक्ष देणे हे केवळ हौसेचे काम नाही. जपानमधील क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी सुमारे बाराशे वर्षांपासूनच्या मिळतात. जुन्या काळच्या दरबारी लोकांनी आणि भिक्षूंनी आपल्या रोजनिशीत ‘आज झाडे फुलली’ असे लिहून ठेवले. त्यांनी ते सहज लिहिले असेल. पण आजच्या शास्त्रज्ञांना त्या ओळी मोलाच्या ठरल्या. २०२१ मध्ये क्योतोत २६ मार्चला पूर्ण बहर आला. एवढ्या लवकर बहर आल्याची नोंद त्या बाराशे वर्षांत नव्हती. पृथ्वी तापत चालली आहे, याचा तो एक पुरावा आहे.

आपल्याकडे अशा जुन्या नोंदी फारशा नाहीत. मग त्या आता सुरू केल्या तर? भारतात ‘सीझनवॉच’ नावाचा एक उपक्रम चालतो. त्यात शाळेतील मुले एक झाड निवडतात, त्याच्याकडे दर आठवड्याला पाहतात आणि पाने, कळ्या, फुले, फळे यांची नोंद करतात. हे काम तुम्हीही करू शकता. त्यासाठी एक वही आणि पेन्सिल पुरे. वहीत झाडाचे मराठी नाव लिहा, उर्दू नाव लिहा, जागा लिहा आणि पहिले फूल दिसल्याची तारीख लिहा. दरवर्षी त्याच झाडाची तारीख लिहीत गेलात, तर दहावीपर्यंत तुमच्याजवळ त्या झाडाचा इतिहास तयार होईल.

पण नोंद ठेवायला झाड तर उभे राहिले पाहिजे. शहरात झाडाचे आयुष्य सोपे नसते. रस्ता रुंद करताना ते मध्ये येते. गटार खोदताना त्याची मुळे तुटतात. पदपथ बांधताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततात. मग पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही, मुळे कुजतात किंवा आक्रसतात आणि वादळात झाड उन्मळून पडते. लोक म्हणतात, झाड कमजोर होते. झाडाला कमजोर कोणी केले, हे कोणी विचारत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या संदर्भात दिला होता. एक मीटर म्हणजे तुमच्या दोन-तीन पावलांएवढी जागा. झाडाला जगण्यासाठी एवढी तरी जमीन हवी.

विक्रोळीच्या ज्या गुलाबी झाडांविषयी आपण वाचले, त्यांच्यावरही हे संकट आले. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत उन्नत मार्ग बांधण्याचे ठरले. त्या कामात शेकडो झाडे जातील, हे लक्षात आल्यावर नागरिकांनी आवाज उठवला. २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आराखड्यात बदल करून त्यांतली अनेक गुलाबी झाडे वाचवण्याचे जाहीर केले. रस्ताही हवा आणि झाडही हवे, हा प्रश्न सोपा नाही. रोज त्या रस्त्याने कामाला जाणाऱ्या माणसाचा वेळ वाचला पाहिजे, हेही खरे आहे. पण कागदावरची रेघ थोडी सरकवता येते. पन्नास वर्षांचे झाड सरकवता येत नाही. म्हणून आधी रेघेचा विचार करावा.

आपल्या राज्यात झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. या कायद्यानुसार शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते आपल्या अंगणातले का असेना. परवानगी देणे, झाडांची गणती करणे, नवी झाडे लावणे ही कामे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे असतात. २०२१ मध्ये या कायद्यात बदल झाला. पन्नास वर्षे किंवा त्यापेक्षा जास्त वय असलेल्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून खास संरक्षण मिळाले. तुमच्या आजोबांच्या लहानपणापासून उभे असलेले एखादे झाड तुमच्या गल्लीत असेल, तर ते असे प्राचीन वृक्ष असू शकते.

नवे झाड लावतानाही विचार करावा. गुलमोहर, टॅबेबुया, गिरिपुष्प ही पाहुणी झाडे आहेत. ती आली, रुजली आणि आता आपलीच झाली. ती तोडावीत असे कोणी म्हणणार नाही. पण नवे रोप लावायचे असेल, तर पळस, बहावा, ताम्हण, काटेसावर यांची आठवण आधी ठेवावी. येथील पाखरांची, फुलपाखरांची आणि या झाडांची ओळख हजारो वर्षांची आहे.

शहर, बाग, रस्ता, गुलाब, बहर हे सारे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. शब्द जसे दोन भाषांचे झाले, तशी झाडे सर्व वस्त्यांची असतात. बहाव्याचे फूल खाली पडताना खाली कोण उभा आहे, हे पाहत नाही. येत्या फेब्रुवारीत शाळेच्या वाटेवर एकदा मान वर करा. एखादी काटेसावर फुललेली असेल. फूल तोडू नका, फांदी वाकवू नका. तारीख तेवढी वहीत लिहून ठेवा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘बहर’ हा शब्द कोणत्या भाषेतून मराठीत आला?
(आ) महाराष्ट्राचे राज्यपुष्प कोणते?
(इ) गुलमोहर मूळचा कोठला?
(ई) भेंडीच्या फुलाचा रंग दिवसभरात कसा बदलतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मुंबईत चेरीचे झाड जपानप्रमाणे फुलत नाही.
(आ) पुष्कळ झाडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतात.
(इ) काँक्रीटमुळे शहरातील झाडे कमजोर होतात.

प्र. ३. पाठात आलेल्या झाडांची मराठी आणि उर्दू नावे समोरासमोर लिहा.

उपक्रम : तुमच्या घराजवळचे एक झाड निवडा. त्याचे एक वर्ष निरीक्षण करा आणि पाने, फुले, फळे येण्याच्या तारखांचा तक्ता वर्गात लावा.